नायट्रो गाडीचं इंजिन ‘गेलं’? बांधायचं की बदलायचं ते ठरवण्याआधी एवढं तपासा

संध्याकाळी कामावरून घरी आलो की पंधरा दिवसांतून एकदा तरी कुणीतरी दारात उभं असतं. हातात बुटांचा खोका आणि खोक्यात तेलाने माखलेली गाडी. “दादा, इंजिन गेलं. बांधून मिळेल, का नवीनच घेऊ?”

मी कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे. नायट्रो आरसी, म्हणजे नायट्रो इंधनावर धावणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाड्यांचा नाद बारा वर्षांपासूनचा. आधी स्वतःची इंजिनं जाळली, मग दुसऱ्यांची दुरुस्त करायला लागलो. मिरज-सांगलीतली पोरं येतात, कधी विटा-तासगावचीही. माझा अनुभव असा, की ‘गेलेल्या’ इंजिनांतली जवळपास निम्मी गेलेली नसतात. उरलेल्यांत आधी मेलं कशानं ते शोधावं लागतं. ते न शोधता नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच वाटेनं जातो, आणि नवीन इंजिन बसवलं तरी तेच.

खाली लिहिलंय ते बारा ते अठ्ठावीस साइझच्या, म्हणजे साधारण २ ते ४.६ सीसीच्या, बिनरिंगच्या (पिस्टनला रिंगा नसलेल्या) टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

लक्षणं

– गार असताना चालू होतं, तापलं की बंद पडतं आणि मग काही केल्या पकडत नाही. ओलं फडकं हेडवर ठेवलं की पुन्हा पकडतं.

– थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, काही क्षण वरच रेंगाळतं.

– सकाळी लावलेली सुई (कार्बोरेटरमधला, इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) दुपारी जमत नाही, दुपारची संध्याकाळी जमत नाही.

– दर टाकीला एक ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) जातो. काढून पाहिला तर तार चेपलेली, नाहीतर तिच्यावर बारीक चंदेरी दाणे.

– चालू करायची दोरी ओढलीच जात नाही, फ्लायव्हील (इंजिनाचं फिरतं चाक) घट्ट.

– किंवा उलट, फ्लायव्हील बोटाने गरागरा फिरतं आणि वरच्या टोकाला कुठेच अडत नाही.

– खालून टकटक आवाज. सायलेन्सरमधून गळणारं तेल करडं आणि उन्हात धरलं तर चमकतं.

– फ्लायव्हीलच्या मागे सतत तेल साचतं.

पहिलं आणि सहावं लक्षण कंप्रेशनचं, म्हणजे पिस्टनवरचा दाब टिकत नसल्याचं. दुसरं आणि तिसरं बहुधा कुठून तरी हवा ओढली जात असल्याचं. चमकणारं तेल दिसलं तर मात्र पुढच्या सोप्या तपासण्या सोडा, गाडी पुन्हा चालू करू नका आणि थेट इंजिन उघडायच्या भागावर या. धातूचा चुरा आत फिरतोय तोवर दर मिनिटाला खर्च वाढतो.

आधी प्लग आणि इग्नायटर

हसू नका. मागच्या दिवाळीत एक पोरगं जयसिंगपूरहून बसने आलं होतं, मांडीवर गाडी घेऊन. नवीन इंजिनासाठी पैसे जमवत होतं बिचारं. इग्नायटरचा, म्हणजे चालू करताना प्लगची तार तापवणाऱ्या साधनाचा सेल उतरला होता, एवढंच. चहा गार व्हायच्या आत गाडी चालू झाली.

प्लग काढा, इग्नायटर लावा, सावलीत बघा. तार झगझगीत नारिंगी दिसली पाहिजे, वरच्या वेढ्यापासून खालपर्यंत. नुसती लालसर असेल तर आधी इग्नायटर चार्ज करा, मग प्लगला दोष द्या. बाहेर नीट पेटणारा प्लगही आत दगा देतो, म्हणून एक कोरा प्लग कायम खिशात ठेवायचा आणि शंका आली की बदलून बघायचा. प्लगखालचं तांब्याचं वायसर जागेवर आहे ना तेही बघा. ते हरवलं की तिथूनच कंप्रेशन निसटतं, आणि लोक लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) मागवून बसतात.

ही तपासणी पहिली, कारण मेलेला प्लग आणि मेलेलं कंप्रेशन बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हीत दोरी ओढून ओढून हात दुखतो. एकाचा खर्च प्लगपुरता, दुसऱ्याचा इंजिनाच्या निम्म्याइतका.

जुना प्लग फेकू नका, तो वाचा. तार ओली आणि लखलखीत असेल तर मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त. करडी आणि निस्तेज झाली असेल तर लीन, म्हणजे इंधन कमी पडून चाललंय. चेपली असेल किंवा दाणे चिकटले असतील तर आत धातूचं काहीतरी सुटलंय.

दोरी ओढलीच जात नसेल तर

जोर लावू नका. प्लग काढा, गाडी उलटी करा, प्लगच्या भोकापासून तोंड लांब ठेवा आणि मग हळू ओढा. बरेचदा आत इंधन साचलेलं असतं. द्रव काही दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर जात नाही. पिचकारीसारखं बाहेर येईल. तसंच दामटून ओढलं असतं तर रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला असता.

इंधन निघालं नाही आणि तरी घट्टच असेल तर पिस्टन वरच्या टोकाला लायनरमध्ये अडकला असेल. नव्या इंजिनात थंडीच्या दिवसांत हे होतंच, तो दोष नाही. हेअर ड्रायरने हेड चांगलं गरम करा आणि फ्लायव्हील उलट दिशेने फिरवून सोडवा. एक्झॉस्टमधून स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन ढकलणारे लोक मी पाहिलेत. त्यांची इंजिनं बांधण्यासारखी राहत नाहीत.

इंधन, नळ्या, फिल्टर

नायट्रोचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झाकण सैल राहिलेला कॅन दिवाळीत काढला तर त्यावर कुठलीच सुई जमणार नाही. कुणाकडून तरी ताजं इंधन घेऊन एक टाकी चालवून बघा.

आणि पेट्रोल नको. “एम-एटी गाडीला चालतं तर याला का नाही” हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय. ग्लो प्लगच्या तारेत प्लॅटिनम असतं. इग्नायटर काढल्यावरही मिथेनॉलच्या वाफा त्या प्लॅटिनमवर जळत राहतात, तार लाल राहते, म्हणून इंजिन चालतं. पेट्रोलला ती किमया जमत नाही. दुसरं म्हणजे दुकानातलं साधं टू-टी तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं. घरी इंधन बनवणाऱ्यांनी त्यात एरंडेलाऐवजी टू-टी ओतलं की पिस्टनला कोरडं मिथेनॉल मिळतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

मिथेनॉल विष आहे. नळी तोंडात धरून ओढायचं नाही, कधीच नाही. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. चुकून गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, तेव्हा सांडलेल्या इंधनाजवळ काडी ओढू नका.

आता टाकी. नळ्या चिमटीत बंद करा, एका नळीतून हलकी हवा भरा आणि टाकी बादलीत बुडवा. झाकणाच्या रबरातून किंवा नळीच्या टोकातून बुडबुडे आले तर तिथे काम आहे. सायलेन्सरमधून टाकीत दाब देणारी नळी निघाली असेल तरी इंजिन लीन होतं. नळी स्वस्त आहे, संशय आला की सरळ बदला.

फिल्टरवर जरा थांबतो, कारण आपल्या भागातली बहुतेक इंजिनं इथेच मरतात. ऊस तुटून गेलेलं रान गाडी पळवायला झकास असतं. पण काळ्या मातीची ती धूळ पिठासारखी असते, कोरड्या स्पंजमधून सहज आत जाते. स्पंजला फिल्टर ऑइल लावलेलं हवं, पिळून, थेंब न गळेल इतपत. फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या गळ्यात पांढऱ्या सुती कापडाचं टोक फिरवा. कापडावर नुसतं तेल आलं तर ठीक. तेलात कचकच लागली, दोन बोटांत चोळल्यावर रवाळ वाटलं, तर तुमचं इंजिन पॉलिश पेपर खात होतं. मग पुढे लायनर गेलेला सापडला तर आश्चर्य वाटायला नको. नवीन इंजिन घेणाऱ्यांनीही हे कापड फिरवूनच जुनं इंजिन बाजूला ठेवावं. नाहीतर तोच फिल्टर नव्यावर चढतो.

सुई

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर कंपनीच्या पुस्तकातल्या मूळ सेटिंगवर या आणि तिथून सुरुवात करा. एका वेळी एकच सुई, आणि फिरवायची तीही घड्याळाच्या तबकडीवरच्या एका तासाएवढीच. आधी हाय स्पीडची, मग लो स्पीडची, शेवटी आयडलचा (थ्रॉटल सोडल्यावरच्या संथ वेगाचा) स्क्रू. बरेच जण आयडलच्या स्क्रूने लो स्पीडचा दोष झाकतात आणि मग इंजिन गेलं म्हणतात.

लो स्पीड बघायची सोपी पद्धत: इंजिन तापलेलं, आयडलवर. कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरा. दोन-तीन सेकंद चालून, शेवटी किंचित चढून बंद पडलं तर बरोबर. धरताच मेलं तर लीन. चालतच राहिलं तर रिच.

तापमान मोजायची बंदूक असेल तर हेडवर प्लगजवळ मोजा. साधारण १०० ते १२० अंश सेल्सियस माझ्या मते निवांत. नसेल तर पाण्याचा थेंब टाका. टाकताच चर्र करून उडाला तर फार तापलंय, दोन-तीन सेकंद उकळून गेला तर बरं, नुसता बसून राहिला तर गार.

हवा बदलली की सुई बदलते. महाबळेश्वरला, १,३०० मीटरच्या वर, हवा विरळ असते, म्हणून तिथे सुई थोडी आवळून इंधन कमी करावं लागतं. तीच आवळलेली सुई घेऊन घाट उतरलात आणि सांगलीत फुल थ्रॉटल दिलात तर इंजिन लीन पडून भाजतं. सहलीहून आल्यावर ‘आपोआप’ गेलेली दोन इंजिनं माझ्याकडे आलीत, दोन्हींची हीच गोष्ट.

हवा कुठून शिरते

सुई जमत नाही आणि आयडल रेंगाळतं, तर इंजिन गाडीतून काढा. एक्झॉस्टला रबरी बूच, कार्बोरेटरच्या तोंडाला बूच, इंधनाच्या निपलला नळी. इंजिन पाण्यात बुडवून नळीतून हलकं फुंका, नवी कोरी नळी वापरा. बुडबुडे तीन ठिकाणी बघायचे: कार्बोरेटर जिथे केसमध्ये (इंजिनाच्या कवचात) बसतो तिथे, मागच्या प्लेटच्या कडेला आणि पुढच्या बेअरिंगमधून. पहिल्या दोन ठिकाणी नवी ओ-रिंग आणि उष्णतेला टिकणाऱ्या सिलिकॉनचा अगदी पातळ पदर पुरतो. पुढच्या बेअरिंगमधून एखाद-दुसरा बुडबुडा येतोच, तो सोडून द्या, धार लागली तर बेअरिंग बदला. झालं की इंजिन लगेच पुसा, वाळवा, आत तेल सोडा.

ही तपासणी लोक टाळतात, कारण तिला वेळ लागतो. पण इंजिन लीन करून लायनर खाणारी चोरवाट हीच असते. ती न बुजवता नवा पिस्टन टाकणं म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं.

कंप्रेशन: खरं दुखणं

आता इंजिन पूर्ण गार असू द्या. प्लग काढा, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. चांगल्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला जाताना अडतो, ‘पिंच’ जाणवतो. कारण लायनर सरळ नळी नसतो, वरच्या बाजूला केसभर निमुळता असतो. चालताना वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुलतो आणि तेव्हा कुठे तो सरळ होतो. रिंग नसताना कंप्रेशन धरून ठेवणारी गोष्ट हीच.

पिंच अजिबात नाही, आणि तापल्यावर ओलं फडकं ठेवल्याशिवाय चालूच होत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पिस्टन-लायनर झिजलेत. गार असताना थोडा पिंच असेल तर काही टाक्या अजून निघतील. घाई नको, पण पैसे बाजूला काढायला लागा.

उघडल्यावर काय बघायचं

उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. रॉडवरचं तेलाचं भोक कुठल्या बाजूला, हेडखाली वायसर किती, लायनरची खाच कुठे. नंतर आठवत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

पहिल्यांदा मागची प्लेट. चार स्क्रू. इथून निम्मं निदान होतं. आतल्या तेलात बोट बुडवून उजेडात धरा. पिस्टन अगदी खाली आणा आणि रॉड चिमटीत धरून वर-खाली हलवा. किंचित हलणं ठीक, पण टक-टक असं जाणवलं तर रॉडचा बुश गेला. मग रॉड सरकवून काढा आणि क्रँकच्या पिनवरून नख फिरवा. नख अडकलं, ओरखडा लागला, पिन निळसर पडलेली दिसली, तर हातातलं काम थांबवा आणि खालचा ‘बांधायचं की बदलायचं’ भाग आधी वाचा. क्रँक गेला म्हणजे इंजिन गेलं.

लायनर काढताना हेड उघडून इंजिन गरम करा, एक्झॉस्टच्या खिडकीतून प्लास्टिकचा केबल-टाय आत सारा आणि फ्लायव्हील हळू फिरवा. पिस्टन टायला दाबतो, टाय लायनरला वर उचलतो. लोखंडाचं काहीही आत घालायचं नाही.

लायनर पुसून उजेडात धरा. तपकिरी डाग म्हणजे जळलेलं एरंडेल, घाबरू नका. उभे ओरखडे नखाला लागतात का बघा. एक्झॉस्टच्या खिडकीच्या वर क्रोम उडून पिवळं पितळ दिसायला लागलं असेल तर तो लायनर संपला. पिस्टन खालच्या बाजूने लायनरमध्ये घाला, कोरडा, बोटाच्या जोरावर. वरच्या तोंडाच्या अलीकडे अडकला तर जीव आहे. सरळ वरून बाहेर आला तर नाही.

लेथवाल्याकडे नेऊ नका

हे वेगळं लिहावं लागतं, कारण आपला जिल्हाच असा आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, तेव्हापासून इथल्या हाताला लोखंडाची सवय. पंपाचं इंजिन असो की ट्रॅक्टरचं, कुणीतरी म्हणतोच, “दे की भावा, बोअर करून देतो, ओव्हरसाइझ पिस्टन टाकू.” त्या इंजिनांना ते चालतं, कारण तिथे रिंगा असतात आणि बोअर सरळ असतो.

आपल्या लायनरवर क्रोमचा पातळ थर आहे, आत निमुळतेपणा आहे आणि पिस्टन त्याच लायनरशी जोडी लावून निवडलेला आहे. होन (बोअर घासायचं हत्यार) फिरवला की क्रोम जातं आणि निमुळतेपणाही जातो. हे मला कसं कळलं? मी स्वतः फिटर, हातात सगळी हत्यारं. सुरुवातीच्या काळात एक किंचित ओरखडलेला लायनर मीच मशीनवर लावला आणि आरशासारखा चकाकवला. बसवला, फ्लायव्हीलला टिचकी मारली, तर ते पंख्यासारखं फिरत राहिलं. ओरखड्यासकट तो लायनर अजून सहा महिने चालला असता.

लायनरचं वरचं तोंड दाबून पुन्हा पिंच आणणारेही आहेत. थोडे दिवस चालतं, मग क्रोमला तडे जातात आणि त्याचे कण पिस्टन खातात. मी करत नाही.

बांधायचं की बदलायचं

निर्णय पिस्टन-लायनरवर होत नाही. तो होतो क्रँक आणि केसवर. हे दोन्ही धडधाकट असतील तर बाकी सगळं बदलता येतं.

फक्त बेअरिंग गेली असतील तर बांधा, विचारही करू नका. फक्त रॉड गेला असेल तरी बांधा. पिस्टन-लायनर गेला असेल तर त्याच वेळी रॉड, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) आणि ती जागेवर धरणारी सर्कलिपही बदला. जुनी क्लिप पुन्हा लावणं ही सगळ्यांत महागडी काटकसर आहे. ती सुटून खिडकीत अडकली तर नवा लायनर पहिल्याच टाकीत फाटतो.

या सगळ्याची बेरीज करा. कुरिअर धरा, रन-इनला, म्हणजे नवा पिस्टन सावकाश रुळवताना, जाळावं लागणारं इंधन धरा. बेरीज नव्या इंजिनाच्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या वर गेली तर मी नवीन घ्यायला सांगतो. स्वस्त गाडीबरोबर आलेल्या इंजिनात पिस्टन-लायनर-रॉडचा संच बहुतेक वेळा या रेषेपलीकडेच जातो. चांगल्या, महागड्या इंजिनात तो बराच अलीकडे राहतो आणि बांधणं परवडतं. सुटे भागच मिळत नसतील तर हिशेबाचा प्रश्नच उरत नाही.

क्रँकची पिन ओरखडलेली असेल, मागच्या बेअरिंगच्या जागी गंजाचे खड्डे असतील, केसला चीर असेल किंवा बेअरिंग केसमध्ये सैल फिरत असेल, यांतलं एक जरी असेल तरी बदला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर एकाने अठ्ठावीसचं इंजिन आणलं होतं. आठवडाभर गाळात. उघडलं तर लायनर पुसल्यावर नव्यासारखा, कारण पितळ आणि क्रोमला गंज कशाला लागेल? त्याचा जीव त्या चकचकीत लायनरवर अडकला होता. पण क्रँक पोलादी. मागच्या बेअरिंगखाली बोटाला लागतील असे खड्डे. नवीन बेअरिंग त्यावर बसलं असतं, पण टिकलं नसतं, आणि त्याच्या गोळ्या फुटून तोच चकचकीत लायनर घेऊन गेल्या असत्या. त्याला नवीन घ्यायला लावलं. लायनर, हेड, कार्बोरेटर मात्र डब्यात भरून दिलं, स्पेअर म्हणून.

नवीन घेताना साइझ एवढंच बघू नका. शाफ्टची लांबी आणि प्रकार, एक्झॉस्ट बाजूला की मागे, पुल स्टार्ट की नाही, पायाच्या भोकांतलं अंतर हे सगळं जुन्याशी जुळवा. वाटल्यास जुनं इंजिन समोर ठेवून व्हर्नियरने मोजा.

बेअरिंग

बऱ्याच एकवीसच्या इंजिनांत पुढचं बेअरिंग ७ बाय १९ बाय ६ मिलिमीटरचं असतं. म्हणजे सरळ ६०७ नंबर, बेअरिंगच्या दुकानात मिळणारा. पण तिथलं दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं घेऊ नका, त्यातून हवा शिरते. रबरी सील हवं, तेही बाहेरच्या बाजूला. आतलं सील काढून टाका, म्हणजे इंधनातलं तेल गोळ्यांपर्यंत पोचेल. मागचं बहुधा १४ बाय २५.४ बाय ६ असतं. हा माप नेहमीच्या यादीत बसत नाही, तो आरसीवाल्यांकडूनच मागवावा लागतो. ३०,००० आरपीएमच्या पुढे फिरणारी वस्तू आहे, तिथे स्वस्तातलं नको. आपल्या इंजिनाचं माप आधी मोजून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

काढताना ठोकाठोकी नाही. केस पूर्ण मोकळं करा, कार्बोरेटर आणि रबर काढून ठेवा, १५० अंशाला पंधरा-वीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुलतं, म्हणून लाकडावर आपटलं की मागचं बेअरिंग आपणहून पडतं. नवं आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेलं असलं की तितक्याच सहज बसतं. ओव्हन जेवणाचा नको. मी एकदा वापरला होता, घरात त्याचा उल्लेख अजून होतो.

इथे थांबा

प्लगपासून कंप्रेशनपर्यंतच्या तपासण्या कुणीही कराव्यात. मागची प्लेट उघडून बघायलाही हरकत नाही. त्यापुढे तुमच्याकडे ओव्हन, व्हर्नियर आणि नेमक्या मापाचे ॲलन की नसतील तर थांबा. इंजिन पिशवीत घालून ज्याने अशी इंजिनं आधी बांधलीत त्याच्याकडे द्या. अर्धवट उघडलेलं इंजिन जोडायला मला दुप्पट वेळ लागतो.

गरम करूनही पिस्टन सुटत नसेल तर थांबा. स्क्रूचं डोकं गोल झालं असेल तर दुसरा प्रयत्न करू नका. हेडमधले प्लगचे आटे गेले असतील तर चांगल्या मशीन शॉपमध्ये नवी आट्याची बुश बसवून घ्या, किंवा हेडचं बटण (प्लग बसतो तो मधला भाग) बदला. लेथवाल्याचा उपयोग खरा तिथे आहे. शाळकरी पोरांनी इंधन आणि गरम केसचं काम मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करावं.

जोडल्यावर

सगळे भाग धुऊन, हलकं तेल लावून जोडा. हेडचे स्क्रू एकदम आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. प्लग न लावता हाताने दहा-बारा फेऱ्या फिरवा. कुठे घासतंय का ते बोटांना कळतं.

नवा पिस्टन असेल तर रन-इन करावाच लागतो. हेड आधी ड्रायरने गरम करून चालू करा, मिश्रण रिच ठेवा, पण इंजिन गार पडू देऊ नका. नव्वदच्या आसपास राहू द्या. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा. चार-पाच टाक्या असंच, मग हळूहळू सुई आवळा. दर वेळी बंद केल्यावर पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवा. वर राहिला तर गार होताना लायनर त्याच्यावर आवळतो आणि तुमचा पिंच दुसऱ्या दिवशी कमी झालेला असतो. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला की प्लग काढून बघावं लागत नाही. माझ्या सगळ्या गाड्यांवर तो लाल ठिपका आहे, बायकोच्या बाटलीतला.

दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करा, नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालू द्या, मग कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन तेलाचे चार-चार थेंब सोडून फ्लायव्हील फिरवा. पावसाळ्यात गाडी कपाटात जाणार असेल तर हे दोनदा करा.